पालकाच्या अर्जावरून

आमच्या शाळेने एकाही मुलाला कधी काढून टाकलं नाही. खोटं वाटत असेल तर जनरल रजिस्टर उघडून बघा. त्यात शाळा सोडण्याचं कारण लिहायचा एक रकाना असतो. आमच्या रजिस्टरात त्या रकान्यात, पानामागून पान, एकच मजकूर होता: ‘पालकाच्या अर्जावरून’. वळणदार, एका उंचीचं अक्षर, निळी शाई, कुठे खाडाखोड नाही.

हे रजिस्टर मला दाखवलं नंदेश्वर बाबूजींनी. ते शाळेचे मोठे बाबू, आणि ते अक्षर त्यांचंच. मी नुकतीच शिक्षण सेवक म्हणून मराठी शिकवायला लागले होते. शिक्षण सेवक म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबायचं, कोणाच्या डोळ्यांवर यायचं नाही आणि शेवटी संस्थेची मर्जी राहिली तर कायम व्हायचं. त्या तीन वर्षांत हेडमास्तर “मॅडम, जरा या” म्हणाले की आधी मला घाम फुटायचा आणि मग मी उठायचे.

रुजू व्हायचे कागद द्यायला गेले तेव्हा बाबूजींनी ते रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

“वाचा मॅडम. इतक्या वर्षात एक बी पोट्टा काढला नाही आमी. किती चांगली शाळा हाये, नाही?”

“हो, चांगलीच आहे,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “नवीन हायेत तुमी,” एवढंच म्हणाले आणि रजिस्टर मिटून लाल फडक्यात बांधून ठेवलं.

त्या मजकुराचा अर्थ मला सहा महिन्यांनी कळला. शाळेला एखादं पोर नकोसं झालं की त्याच्या बापाला बोलावणं जायचं. बाप मजुरी बुडवून यायचा. त्याच्यापुढे लिहून तयार असलेला कागद सरकवला जायचा: घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही विनंती. खाली सही, नाहीतर अंगठा. पोराने काय केलं, कोणी पाहिलं, पोराचं म्हणणं काय, यातलं काहीच कागदावर येत नसे. शाळेने काढलंच नव्हतं, बापानेच नेलं होतं. काम कसं सुईत दोरा ओवल्यासारखं सरळ.

बाबूजी उंच आणि थोडे वाकलेले, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेन. राहायचे शहापूरला. शाळा लाखनीच्या अलीकडे, महामार्गाला लागून, म्हणजे रोज भंडाऱ्याहून बस बदलून अपडाऊन. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा संस्थेच्या दोन शाळा तिकडे गेल्या. त्यांचे सगळे कागद एकट्याने वेगळे करून दिले म्हणून संस्थेचे अध्यक्ष त्यांना मान द्यायचे. निदान तेव्हा तरी देत होते. ऑफिसात शिरताना चपला बाहेर काढायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, “अंदर लोकायचे पोट्टे बांधून ठेवले हायेत जी, फडक्यात.” मधुमेह होता, म्हणून बिनसाखरेचा काळा चहा प्यायचे आणि तो पिताना दर वेळी तोंड वाकडं करायचे.

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली दोन कागद होते. एक एसटीचं वेळापत्रक. दुसरा टाइप केलेला कायद्याचा उतारा, कलम सोळा आणि कलम सतरा. प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. आणि कोणत्याही मुलाला मारता येणार नाही की मानसिक त्रास देता येणार नाही. कायदा येऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. “दोनी टायमावर येत नाही मॅडम,” ते काचेवर बोट ठेवून म्हणायचे, “पन मालूम असलेले बरे.”

आम्ही सगळे त्या कायद्याला ‘आरटीई’ म्हणायचो. बाबूजी नाही. ते प्रत्येक वेळी ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम’ असं अख्खं नाव घ्यायचे, अगदी समोरचा बसकडे पळत असला तरी. स्टाफरूममध्ये त्यांना वकीलसाहेब म्हणत. “बाबूजी, चहाले ओतायच्या आधी नोटीस देल्ली का?” असं कोणी विचारलं की ते गंभीरपणे म्हणायचे, “चहा आठवी पास झाला हाये, त्याले लागू नाही.”

आणखी एक सवय. त्यांच्या हाताखालून जाणारा प्रत्येक अर्ज, अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय ते त्यावर आवक क्रमांक टाकत नसत. अर्जदार शिकलेला असो की अंगठेबहाद्दर, मग तो हेडमास्तर का असेना. मी एकदा रजेचा अर्ज दिला. बाबूजींनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि माझाच अर्ज मला ऐकवला. “‘काल सायंकाळपासून पोटात दुखत असल्याने...’ खरंच दुखते का जी?”

त्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष तपासणीला यायचे होते आणि मला रात्रभर झोप नव्हती.

“भेव लागते मले,” मी शेवटी त्यांच्याच बोलीत म्हणून टाकलं.

“मंग रजा घेतल्यानं ते जाईन का?” त्यांनी अर्ज परत दिला. मी वर्गावर गेले. पोटात दुखायचं थांबलं नाही, पण दिवस निघाला.

हा वाचून दाखवायचा सोस कुठून आला, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. शाळेच्या कामाला लाखनीला गेलो होतो, परतीच्या बसची वाट पाहत उभे होतो. समोर टायर-पंक्चरचं दुकान होतं. तिथला तिशीतला माणूस हात पुसत आला, बाबूजींच्या पाया पडला आणि निघून गेला. बाबूजींचा चेहरा उतरला. मी विचारलं, कोण होता?

“माहा पोट्टा,” ते म्हणाले. त्यांना मूल नव्हतं, हे मला माहीत होतं. मग थांबून सांगू लागले. नोकरीला चार वर्षं झालेली. तेव्हाच्या हेडमास्तरांनी अर्ज लिहायला सांगितला, यांनी लिहिला. त्या पोराचा बाप शिष्यवृत्तीचा कागद आहे समजून आला होता. यांना माहीत होतं की त्याला माहीत नाही. पण बसची वेळ झाली होती. सही घेतली आणि पळाले.

“मागं ह्याच दुकानात शाळेच्या सायकलची ट्यूब घेऊन आल्तो, तं म्हने, बाबूजी, तुमचं अक्षर लय छान हाये, माह्या टी.सी.वर हाये, आजून ठेवलो.” बाबूजी रस्त्याकडे पाहत राहिले. “शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं मॅडम.”

त्या प्रकारानंतर त्यांनी पालकाच्या नावाचा अर्ज लिहिणं सोडलं. अर्ज दुसरं कोणीतरी लिहू लागलं. बाबूजी तो बापाला वाचून दाखवत, आणि बाप ऐकूनही सही करत; हेडमास्तरांपुढे नाही कोण म्हणणार? रजिस्टरात नोंद मात्र त्यांनाच करावी लागे, आणि ती ते त्याच सुरेख अक्षरात करत. हे त्यांच्या मनाला किती लागत असेल याचा मी तेव्हा विचारही केला नाही. मला माझंच पडलं होतं.

माझ्या तिसऱ्या वर्षी बाबूजींनी एक नवीनच खूळ काढलं. मुलांचे अर्ज घ्यायला सुरुवात केली. पाचवीतली एक मुलगी रडत ऑफिसात आली की बाईंनी उन्हात उभं केलं. बाबूजींनी तिला कागद दिला, “लिव,” म्हणाले. तिने चार ओळी लिहिल्या. त्यांनी त्या तिला वाचून दाखवल्या, शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि पोच दिली. पोच घेऊन ती पोर अशी बाहेर पडली की तिला नोकरीच लागली असावी. आठवडाभरात ऑफिससमोर मधल्या सुट्टीत रांग लागू लागली. कोणाचा कंपास जप्त, कोणाला मागच्या बाकावर बसवलं, कोणाच्या डब्यात कोणी माती टाकली. निम्म्यांना नुसता शिक्का पाहिजे असायचा. पण त्यातच तीन अर्ज पी.टी. सरांविरुद्धचे निघाले. पी.टी. सर मारायला लाकडी रूळ वापरायचे, आणि ते अध्यक्षांचे भाचे होते.

हेडमास्तरांनी लगेच फर्मान काढलं: विद्यार्थ्यांचे अर्ज वर्गशिक्षकामार्फतच यावेत. वर्गशिक्षक म्हणजे आम्ही. आणि अध्यक्षांच्या भाच्याविरुद्धचा अर्ज पुढे पाठवणारा मायेचा पूत आमच्यात नव्हता. मीही त्यातलीच. आठवीच्या दोन मुली माझ्याकडे कागद घेऊन आल्या होत्या, त्यांना मी म्हटलं, “ठेवा, बघते.” तो कागद मी पर्समध्ये पंधरा दिवस फिरवला.

सोळाव्या दिवशी मुलींच्या मुतारीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं सापडलं: पी.टी. सर रुलानं मारते, सगळ्यायले मालूम हाये. हातभर उंचीची अक्षरं.

शाळा हादरली. ‘सगळ्यायले’ हा शब्द सगळ्यांनाच झोंबला होता. दुपारपर्यंत गुन्हेगार ठरला: आठवीतली निकिता. तिच्यावर संशय का, तर आठच दिवसांपूर्वी पांढरे बूट नव्हते म्हणून तिने रूळ खाल्ला होता आणि तिची आई शाळेत येऊन बोलून गेली होती. आणि दुसरा, न तोडता येणारा पुरावा म्हणजे तिच्या बापाचा, सुखदेवचा, महामार्गावर इस्त्रीचा ठेला होता. कोळशाची इस्त्री. “कोळसा अजून कोणाच्या घरी असन?” पी.टी. सर म्हणाले, आणि स्टाफरूममधल्या सतरा शिकलेल्या माणसांनी माना हलवल्या. त्यांतल्या निम्म्यांच्या अंगावर सुखदेवनेच इस्त्री केलेले कपडे होते.

तिसरा पुरावा मी दिला. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं, “मॅडम, तुम्ही वह्या तपासता. अक्षर कोणाचं?” कोळशाच्या हातभर अक्षरांवरून काय ओळखणार? पण मी कायम व्हायला आठ महिने उरले होते. मी लिहून दिलं की अक्षर निकिताचं आहे. मग ते म्हणाले, आता एक अर्जही लिहा, बाबूजी लिहीत नाहीत, तुमचं मराठी चांगलं आहे. मी तोही लिहिला. घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्याचा. अक्षर चांगलं आलं, हे आठवलं की मला आजही स्वतःचा राग येतो.

निकिताला आमच्या शाळेतून काढलं तर दुसरी शाळा लाखनीला. म्हणजे रोजची बस, आणि सुखदेव पोरीला एकटीला महामार्गावरून पाठवणार नव्हता. तिची मोठी बहीण आठवीनंतर ठेल्यावर कपडे मोजायला उभी राहिली होती. निकिता तिच्या शेजारी उभी राहणार, एवढाच फरक पडणार होता. हे मला माहीत होतं, हेडमास्तरांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सुखदेव आला. हेडमास्तरांच्या खोलीत ते स्वतः, पी.टी. सर, मी आणि दाराशी बाबूजी. सुखदेव बसेना. खुर्ची असूनही उभाच राहिला, दोन्ही हात पोटाशी घेऊन.

“काय करता भाऊ,” हेडमास्तर गोड आवाजात म्हणाले, “पोलीस-बिलीस करायचं नाही आपल्याला. पोरीचं नाव खराब होते. एवढी सही करून द्या, सुखाने घेऊन जा.”

“करतो जी, करतो,” सुखदेवने पेन घेतलं. “पोरीले काई करू नका.”

“थांब सुखदेव,” बाबूजी म्हणाले. “वाचून दाखोतो, आयक.”

“बाबूजी, वेळ नाही,” हेडमास्तर म्हणाले.

“आवक करा लागते सर. वाचल्याबिगर मी नंबर टाकत नाही, तुमाले मालूम हाये.” आणि त्यांनी माझ्या अक्षरातला तो कागद उचलला. आधी जसा होता तसा वाचला. मग कागद खाली करून सुखदेवला सांगितलं, “ह्याच्यात असं लिवलं हाये का तुह्या घरी अडचण हाये, म्हनून तूच पोरीले शाळेतून काढून राहिला. शाळा काढत नाही. तू काढतं. अडचण हाये का तुह्या घरी?”

सुखदेव गोंधळला. हेडमास्तरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं.

“अडचण तं नाही जी,” तो हळूच म्हणाला. “पोरगी शिकाले पाह्यते.”

“मंग सही कायची करून राहिला?”

हेडमास्तरांचा आवाज बदलला. “बाबूजी, दाखला मागितला की ताबडतोब द्यावा लागतो, हेही त्याच कायद्यात आहे.”

“हाये ना सर. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, कलम पाच. पन मांगतला कोनं? त्यानं नाही मांगतला. शाळेनं मांगतला असन तं तुमी मले लेखी आदेश द्या. ‘निकिताले काढा,’ एवढंच. खाली तुमची सही. मी जावक नंबर टाकतो, एक प्रत गटशिक्षणाधिकारी साहेबाले पाठोतो आन् लगेच टी.सी. लिवतो. दोन मिनिटाचं काम हाये.”

हेडमास्तरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. असा आदेश देता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर इतकी वर्षं बापांना बोलवावं लागत होतं.

“पोरीले इचारलं का कोनी?” बाबूजींनी विचारलं.

कोणीच विचारलं नव्हतं. पोर वर्गात बसलेली होती आणि तिला काढायची तयारी झाली होती. बाबूजी स्वतः गेले आणि तिला घेऊन आले. आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बापासाठी ठेवलेली खुर्ची ओढून तिच्यासमोर ठेवली. “बस बाई.” हेडमास्तरांच्या खोलीत विद्यार्थी खुर्चीवर बसलेला मी तोवर पाहिला नव्हता, इतरांनीही नसावा, कारण पी.टी. सर नकळत उठून उभे राहिले.

“तुह्यावर आरोप काय हाये, हे कोनी सांगतलं का तुले?”

“नाही जी.”

“मुतारीमागच्या भिंतीवर कोळशानं लिवलं, ते तू लिवलं असं हे म्हनतेत. एक म्हने, तुह्या घरी कोळसा हाये. दुसरं, मॅडम म्हनतेत का अक्षर तुहं हाये. आता तू सांग. भेव नको.”

निकिताने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आश्चर्याने. माझ्या पर्समधला तो कागद देणाऱ्या दोघींपैकी ती एक होती.

“म्या नाही लिवलं,” ती म्हणाली. आणि मग आवाज एकदम चढवून म्हणाली, “पन जे लिवलं हाये ते खरं हाये.”

“बोलते पाहा कशी!” पी.टी. सर ओरडले.

“बोलावं म्हनूनच बलावलं सर तिले,” बाबूजी म्हणाले. त्यांनी कोरा कागद घेतला आणि लिहायला लागले. लिहिता लिहिताच म्हणाले, “कोळसा तं खिचडीच्या चुलीपाशी टोपलंभर हाये. शाळेचाच हाये.” हे इतकं साधं होतं की कोणाला हसूही आलं नाही. आम्ही सतरा जण रोज त्या चुलीजवळून जात होतो.

मग ते माझ्याकडे वळले. आता विचारणार, मॅडम, अक्षर खरंच ओळखता का, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं नाही. नुसतं वाचून दाखवलं: “‘मराठीच्या शिक्षिकेने सांगितले की भिंतीवरील अक्षर कोणाचे हे खात्रीने सांगता येत नाही.’ मॅडम, हे बराबर हाये का? पटत असन तं सही करा. नसन पटत तं खोडतो.”

मी असं काही सांगितलं नव्हतं. उलटच लिहून दिलं होतं, तो कागद हेडमास्तरांच्या टेबलावर पडला होता. हेडमास्तर माझ्याकडे पाहत होते. मला माझे आठ महिने दिसले. आणि समोर खुर्चीच्या काठावर बसलेली ती पोर, अर्धी उठायच्या तयारीत. मी सही केली. शाई सांडावी तशी फरफटत सही आली.

“विद्यार्थिनीचे म्हणणे ऐकून घेतले. पुरावा आढळला नाही,” बाबूजींनी शेवटची ओळ वाचली, शिक्का मारला आणि आवक क्रमांक टाकला. सुखदेवला म्हणाले, “जा आता. इस्तरी थंडी झाली असन.”

हेडमास्तरांनी तेवढंच म्हटलं, “बघू.”

त्या ‘बघू’ने मला पुढचे सगळे महिने झोपू दिलं नाही. पी.टी. सरांचा रूळ बंद झाला, निदान उघड्यावर तरी. पण महिन्याभरात बाबूजींच्या बदलीचं पत्र आलं: संस्थेच्या मोहाडी तालुक्यातल्या शाळेत, आंधळगावच्याही पुढे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, साखरेचा माणूस, शहापूरहून तीन बस बदलून. मी भेटायला गेले तेव्हा ते रजिस्टरांची यादी करून नव्या बाबूला सोपवत होते. मला वाटलं माझ्यावर चिडलेले असतील. सगळा घोळ माझ्या एका कागदाने झाला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, “ते सोडा. जूनचं पाहा. आठवीपर्यंत कायदा आडवा हाये. नववीत गेली का तिले कायदा नाही. हे लोक थांबले हायेत, विसरले नाही.”

“मग काय करायचं?”

“मले तरी काय मालूम,” ते म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. सकाळची शाळा होती, हवा कोंदलेली. मला नववीची वर्गशिक्षिका केलं होतं. नव्या बाबूने हजेरीची यादी दिली. मी बोट ठेवून दोनदा वाचली. निकिताचं नाव नव्हतं.

“सर म्हणाले, नववीत जागा नाही,” नवा बाबू माझ्याकडे न पाहता म्हणाला. “तिच्या बापाला सांगितलं आहे, दुसरीकडे बघ.”

वर्गाच्या खिडकीतून फाटक दिसायचं. फाटकाबाहेर सुखदेव उभा होता, निकिता उभी होती आणि त्यांच्या बाजूला छत्रीची काठी टेकून बाबूजी. पहाटेची पहिली बस पकडून आले असणार. बदलीच्या शाळेत त्या दिवशी त्यांची रजा लागली असणार. प्रार्थना झाली, पहिला तास झाला, ते हलले नाहीत. हेडमास्तरांनी शिपायाला पाठवलं. त्याने नंतर मला सांगितलं, बाबूजी म्हणाले, “मी शाळेत कुठी आलो? रोडवर उभा हावो. रोड सरकारचा हाये.”

दुसरा तास माझाच होता. खडू हातात होता, फळ्यावर तारीखसुद्धा पुरी लिहून झाली नव्हती. मला कायम करायचं पत्र सहीसाठी अध्यक्षांच्या टेबलावर गेलं होतं, हे मला आदल्याच दिवशी कळलं होतं. मुलं खिडकीकडे पाहत होती आणि मग माझ्याकडे. त्यांना सगळं माहीत होतं. मुलांना नेहमीच सगळं माहीत असतं.

मी खडू ठेवला आणि बाहेर पडले. व्हरांड्यात हेडमास्तर उभे होते, त्यांच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही. मैदान ओलांडून फाटक ढकललं.

“निकिता, चल. तास सुरू झाला.”

तिने बापाकडे पाहिलं, मग बाबूजींकडे. तिचं दप्तर बाबूजींच्या खांद्यावर होतं. त्यांनी ते काढून तिच्या खांद्यावर दिलं आणि पट्टा सरळ केला. मी तिचा हात धरून परत फिरले. मागून हेडमास्तर “मॅडम!” म्हणाले. मी थांबले नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं, थांबले असते तर पुन्हा चालता आलं नसतं, एवढंच. वर्गात आल्यावर हजेरीच्या यादीत शेवटी, छापलेल्या नावांखाली, मी तिचं नाव पेनाने लिहिलं आणि पुकारलं. ती “हजर” म्हणाली.

मग मी खिडकीतून पाहिलं. इतकी वर्षं मी समजत होते की त्या माणसाला भीती ठाऊकच नाही. बाबूजी रस्त्याकडेच्या पुलियाच्या, छोट्या पुलाच्या, कठड्यावर बसले होते. चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. हातात पाण्याची बाटली होती आणि ते तिचं झाकण फिरवत होते, पण त्यांचे हात इतके कापत होते की झाकण उघडत नव्हतं. पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. शेवटी सुखदेवने बाटली त्यांच्या हातातून घेतली, झाकण उघडलं आणि परत दिली.